मरणाचा विचार मोघम नको, तपशिलात करा

तुमच्या पत्रातला मुद्दा आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वय ४६, राहायला नाशिकच्या इंदिरानगरला, नोकरी अंबडच्या कारखान्यात. वडील जाऊन आठ महिने झाले. मरणाची रोज आठवण ठेवली की माणूस भरभरून जगतो, असं तुम्ही कुठंतरी ऐकलंत आणि मोबाइलवर दिवसातून पाच वेळा ‘आपल्याला मरायचं आहे’ असा निरोप देणारं ॲप घेतलंत. भरभरून जगणं राहिलं बाजूला, रात्री दोन वाजता छातीत धडधडायला लागलं. ईसीजी नॉर्मल आला. बायको म्हणते, भरल्या घरात अभद्र बोलू नका. त्यात परवा नऊ वर्षांच्या मुलीनं विचारलं, “बाबा, तू पण मरणार?” आणि तुमच्या तोंडून पटकन ‘नाही’ गेलं. या सगळ्यात काही तथ्य आहे की नुसतं खूळ, असा तुमचा प्रश्न आहे.

तथ्य आहे. ॲप मात्र आजच काढून टाका.

मी परिचारिका आहे. रुग्णालयातली पाळ्यांची नोकरी सोडल्यापासून नाशिक शहरात आणि निफाड, दिंडोरी, सिन्नरकडच्या गावांत घरोघर जाते. ज्यांचा आजार आता बरा होणार नाही अशांच्या वेदना, जखमा, झोप, पोट साफ होणं आणि घरच्यांची घालमेल हे माझं काम. त्याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. त्यामुळे पुढे जे लिहितेय ते थोडं वाचलेलं आणि बरंचसं पाहिलेलं आहे. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून काही गोष्टी बदलल्या आहेत.

स्मशानवैराग्य तुम्ही पाहिलंच असेल. अमरधाममध्ये अग्नी दिला जातो, मंडळी बाहेर चहाला उभी राहतात, कुणीतरी म्हणतं, “शेवटी काय, सगळ्यांनाच जायचंय, काय घेऊन जाणार?” सगळे माना डोलावतात. कप खाली ठेवेपर्यंत विषय गंगापूर रोडच्या फ्लॅटच्या भावावर आलेला असतो. त्या माणसांना मी ढोंगी म्हणणार नाही. ‘सगळ्यांनाच जायचंय’ हे वाक्यच असं आहे की ते ऐकून कुणालाही काही करावं लागत नाही. सगळ्यांच्या गर्दीत आपण सुखरूप लपतो. तुमचं ॲप तेच वाक्य दिवसातून पाच वेळा ऐकवतं, तेही मीटिंगमध्ये, जेवताना, गाडी चालवताना. त्यातून भीती तेवढी साठत जाते आणि तिला वाट कुठंच मिळत नाही.

मरणाची नुसती आठवण माणसाला शहाणं करते, हे मानसशास्त्रातही सिद्ध झालेलं नाही. १९८९ साली प्रसिद्ध झालेला एक अमेरिकी प्रयोग आहे. ॲरिझोनातल्या टूसॉनमधल्या २२ न्यायाधीशांपुढे वेश्याव्यवसायाचा आरोप असलेल्या एका स्त्रीचं कल्पित प्रकरण ठेवलं आणि जामिनाची रक्कम विचारली. त्यातल्या काहींना आधी स्वतःच्या मरणाबद्दल दोन प्रश्न विचारले होते. ज्यांना विचारले नव्हते त्यांनी सरासरी ५० डॉलर जामीन लावला, ज्यांना विचारले होते त्यांनी ४५५. मरण आठवलं आणि माणूस जास्त कठोर झाला. यावर मी फार मोठा इमला उभारणार नाही. याच पठडीतला दुसरा एक गाजलेला प्रयोग अलीकडे बऱ्याच प्रयोगशाळांनी मिळून पुन्हा केला, तेव्हा त्यात परिणाम दिसला नव्हता. पण घराघरांत मला जे दिसतं त्याच्याशी हे जुळतं. घरात एखाद्याचं जाणं झालं की काही माणसं मऊ होतात, काही एकदम कडक होतात. सोवळंओवळं वाढतं, सुनेला बोल लागतात, शेजाऱ्याच्या भिंतीवरून कोर्टापर्यंत जातं. भीतीला धरायला काहीतरी लागतं, मग हाताला येईल ते धरलं जातं.

आता दुसरा प्रयोग, २००४ सालचा. त्यात लोकांना मोघम प्रश्न विचारले नाहीत. सांगितलं, तुम्ही मित्राकडे जुन्या इमारतीत विसाव्या मजल्यावर झोपलेले आहात, मध्यरात्री धुरानं जाग येते, वाट सापडत नाही आणि त्यात तुम्ही मरता. मग विचारलं, त्या क्षणी मनात काय येईल? इथवरचं आयुष्य कसं गेलं असं वाटेल? घरचे हे कसं घेतील? त्यानंतर सगळ्यांना सोडतीची तिकिटं हवी तेवढी घ्यायची मुभा दिली. एरवी पैसा आणि दिखाव्याला फार महत्त्व देणारी माणसं होती, त्यांनी या विचारानंतर कमी तिकिटं घेतली. मला यातला तिसरा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. घरचे कसं घेतील हे विचारलं की मरण हवेतून खाली उतरतं आणि आपल्या हॉलमध्ये येऊन बसतं. तिथं त्याच्याशी बोलता येतं.

आपल्याकडे हा प्रश्न विचारायची सोय फार आधीपासून आहे, फक्त आपण ती माणूस गेल्यावर वापरतो. रामकुंडावर दशक्रियेला तुम्ही वडिलांसाठी बसला असाल. गुरुजींचे मंत्र झाले, पिंड मांडले, शेजारी वडिलांच्या आवडीचं काहीबाही ठेवलं, सगळे चार पावलं मागे सरले आणि नजरा कावळ्याकडे लागल्या. कावळा लगेच शिवला तर सुटल्यासारखं वाटतं. नाही शिवला की कुजबुज सुरू होते. काहीतरी राहिलंय. काय राहिलं असेल? मग एकेक जण पुढे येऊन हात जोडतो. “आबा, धाकट्याचं शिक्षण मी बघतो.” “आत्या, घर विकणार नाही, शब्द देतो.” “बाबा, ताईला तिचा वाटा देऊ.” कधी एखाद्या म्हाताऱ्या बाईला आठवतं, अहो त्यांना विडी लागायची, विडी ठेवा. सगळे उपाय थकले की दर्भाचा कावळा होतो.

तो कावळा आत्मा की पक्षी, यावर माझं काही म्हणणं नाही, ज्यानं त्यानं ठरवावं. मला त्या अर्ध्या तासाचं मोल वाटतं. अख्खं खानदान एका माणसाच्या मनात काय होतं याचा अंदाज बांधत उन्हात उभं असतं, आणि पुष्कळदा ज्या गोष्टीवर वर्षानुवर्षं कुणी बोललं नव्हतं ती नेमकी तिथं बाहेर पडते. ताईचा वाटा तिथं कबूल होतो, चार लोकांसमक्ष. ज्याला ते ऐकायचं होतं तो मात्र दहा दिवसांपूर्वी गेलेला असतो.

म्हणून मी लोकांना जो अभ्यास सांगते तो असा. अर्धा तास काढा, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा, साधी वही घ्या. दशक्रिया तुमची आहे असं धरा. कावळा येत नाहीये. आता एकेक जण पुढे येऊन काय बोलेल ते त्याच्याच भाषेत लिहा. बायको काय म्हणेल? भाऊ काय म्हणेल? मुलगी? ज्याच्याशी गेली काही वर्षं नीट बोलणं नाही तो मित्र आला असेल का, आणि आला तर मागे उभा राहील की पुढे येईल? प्रत्येकाचं एकच वाक्य लिहायचं. छान छान लिहायचं नाही, खरं बोलतील तसं.

बहुतेकांची तीन-चार वाक्यं भराभर होतात आणि एका वाक्याशी पेन अडतं. काहींना मुलगा काय म्हणेल तेच सुचत नाही. एका गृहस्थांनी बायकोचं वाक्य लिहिलं होतं: “तुम्हाला काय हवं होतं ते कधी सांगितलंच नाही, आता मी काय कबूल करू?” लिहून ते बराच वेळ वहीकडे बघत बसले, मग उठून स्वयंपाकघरात गेले. तिथं काय बोलणं झालं मला माहीत नाही, विचारलंही नाही.

अडलेल्या वाक्याखाली रेघ ओढा आणि त्यातून या आठवड्यात होईल असं एकच काम काढा. एकच, आणि छोटं. ‘भावाशी संबंध सुधारणे’ हे काम झालं नाही. ‘रविवारी भावाला फोन करून गावच्या घराच्या कौलांचं काय करायचं विचारणे’ हे काम आहे. मरणाच्या विचारातून संध्याकाळपर्यंत हातून काहीतरी घडलं, तर तो विचार पचला असं मी धरते. नुसताच डोक्यात घोळत राहिला, तर तो बाधतो.

निफाडकडचे एक द्राक्ष बागायतदार माझ्याकडे होते. अन्ननलिकेचा कर्करोग, नळीवाटे पातळ अन्न, वय पन्नाशीचं. घरात शिरण्याआधीच मुलगा ओट्यावर अडवून म्हणाला, “सिस्टर, पप्पांना काही सांगू नका, खचतील.” हे मला जवळजवळ प्रत्येक दारात ऐकायला मिळतं. आत गेले, नळी पाहिली, दुखणं किती ते विचारलं, औषधाच्या वेळा लावून दिल्या. निघताना त्यांनीच विचारलं, “पुढची ऑक्टोबर छाटणी मला दिसंल का?” दारात मुलगा मानेनं मला नाही-नाही करत होता. मी म्हटलं, “तुम्हाला काय वाटतं?” ते म्हणाले, “नाही दिसायची.” आणि जरा थांबून म्हणाले, “मग लिहून ठेवाया लागंल.”

मुलानं दोनशे पानी वही आणली. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत जमेल तसं ते सांगत गेले, तो लिहीत गेला. कोणत्या प्लॉटचा कोणता व्हॉल्व्ह आधी उघडायचा. कोणत्या ओळीतल्या वेली दमलेल्या आहेत, त्यांच्यावर घडांचा भार कमी ठेवायचा. सोसायटीचं कर्ज किती, कृषी सेवा केंद्राची उधारी किती. एका व्यापाऱ्यानं माल नेऊन पैसे बुडवले होते, त्याबद्दल लिहिलं: त्याच्या मागं लागू नको, मी लागलो, तीन वर्षं गेली, पैसा आला नाही आणि झोप गेली. मधेच एका पानावर: आईला माहेरी जायचं असेल तेव्हा गाडी करून द्यायची, एसटीनं पाठवायची नाही. ती कधी मागणार नाही, म्हणून लिहून ठेवतोय.

ते खचले का? पहिले दोन दिवस गप्प होते. नंतर संध्याकाळी खुर्ची बागेच्या कडेला न्यायला सांगायला लागले. दुखणं काबूत होतं, तेवढा वेळ बसायचे. मुलाशी त्यांचं एरवीचं बोलणं म्हणजे कामाच्या ऑर्डरी. वहीच्या निमित्तानं बापलेक रोज तास-तासभर शेजारी बसले. बायकोनं मला सांगितलं, लग्नाला इतकी वर्षं झाली, यांना माझं एसटीनं जाणं डाचतं हे मला वही वाचून कळलं. दशक्रियेला मी गेले नव्हते, त्यामुळे कावळ्याचं काय झालं ते मला माहीत नाही.

एक सावधगिरीची सूचना करते. मरणाऱ्या माणसांचे पश्चात्ताप म्हणून ज्या याद्या मोबाइलवर फिरतात त्यांच्यावर फार विसंबू नका. शेवटच्या दिवसांत बहुतेक माणसं झोप, पोट, घसा, येणारे-जाणारे यांबद्दल बोलतात. आयुष्यभर चिडका असलेला माणूस शेवटी सहसा चिडकाच असतो, फक्त आवाज बारीक होतो. मरण जवळ आलं की आपोआप साक्षात्कार होतो हे मी फार कमी पाहिलंय. आणि शेवटच्या आठवड्यात शरीरात वही भरायचं त्राण नसतं. हे काम धडधाकट असताना करायचं आहे, त्या अर्थानं ४६ हे वय उत्तम.

वेळ थोडा आहे हे कळल्यावर माणूस काय निवडतो, यावर स्टॅनफर्डच्या लॉरा कार्स्टेन्सन यांनी बरंच काम केलं आहे. त्यांचा प्रश्न साधा असायचा. मोकळा अर्धा तास मिळाला तर कुणासोबत घालवाल: घरचं जवळचं माणूस, नुकत्याच वाचलेल्या पुस्तकाचा लेखक, की सूर जुळेल असं वाटणारी नवी ओळख? म्हातारी माणसं घरचं माणूस निवडतात, तरुणांची निवड विखुरलेली असते. पण तरुणांना ‘तुम्ही लवकरच एकटे दूरदेशी जाणार आहात’ अशी कल्पना करायला सांगितली की तेही घरच्यांकडे वळतात. उलट म्हाताऱ्यांना ‘नव्या उपचारानं वीस वर्षं जास्त मिळाली’ असं धरायला सांगितलं की त्यांचा तो ओढा कमी होतो. हाँगकाँगचा १९९७ चा ब्रिटनकडून चीनकडे होणारा ताबाबदल तोंडावर आला तेव्हाही तिथल्या तरुणांत असाच कल दिसला होता. म्हणजे वयाचा संबंध कमी, उरलेल्या वेळाच्या जाणिवेचा जास्त. तुम्हाला त्या जाणिवेतून हवी आहे ती निवड. धडधड तिच्यासोबत आलीच पाहिजे असं नाही.

या निवडीला फार गोड रंग देऊ नये हेही सांगते. नाशिकरोडच्या एका बाईंचं सख्ख्या बहिणीशी आईच्या पाटल्यांवरून कित्येक वर्षं बोलणं बंद होतं. आजार कळल्यावर त्यांनी स्वतः फोन लावला. बहीण आली. दोघी दोन तास बसल्या, मेथीचा भाव, कुणाच्या नातवाचं नाव काय ठेवलं, कुणाची शेवभाजी जास्त तिखट, एवढंच बोलल्या. पाटल्यांचा विषय निघाला नाही, माफी कुणी मागितली नाही. बहीण पुढच्या मंगळवारी पुन्हा आली. मला ते पुरेसं वाटलं.

आता तुमच्या रात्रीच्या धडधडीकडे येते. बहुतेकांना मरणाची म्हणून जी भीती वाटते ती नीट सोडवून पाहिली तर हाल होऊन मरण्याची निघते. वडिलांचे शेवटचे दिवस आयसीयूत, तोंडात नळी, हात बांधलेले असे गेले, असं तुम्ही लिहिलंय. तुम्हाला जे रात्री दिसतं ते बहुधा तेच. या भीतीवर तत्त्वज्ञानापेक्षा माहिती जास्त लागू पडते. कर्करोगासारख्या आजारातल्या बहुतेक वेदना काबूत आणता येतात. तोंडानं घ्यायची मॉर्फिनची गोळी स्वस्त आहे, नेमक्या मात्रेत दर चार तासांनी दिली तर माणूस शुद्धीत राहून बोलतो, जेवतो. २०१४ साली अमली पदार्थविषयक कायद्यात दुरुस्ती होऊन मान्यताप्राप्त संस्थांना ती ठेवणं सोपं झालं. तरी ‘मॉर्फिन म्हणजे शेवट’ ही समजूत डॉक्टरांतसुद्धा सापडते, आणि त्यापायी माणसं विनाकारण तळमळतात.

नळ्या आणि यंत्रांबद्दल तुमची इच्छा तुम्ही आजच लिहून ठेवू शकता. आमच्याच पेशातल्या, मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या अरुणा शानबाग १९७३ च्या हल्ल्यानंतर ४२ वर्षं अंथरुणावर होत्या. त्यांच्या प्रकरणात २०११ साली सर्वोच्च न्यायालयानं हा विषय पहिल्यांदा नीट हाताळला. पुढे ९ मार्च २०१८ च्या निकालानं सन्मानानं मरण्याचा हक्क आणि त्यासाठी आगाऊ लिहून ठेवलेला दस्तऐवज, ज्याला लिव्हिंग विल म्हणतात, तो मान्य झाला. सुरुवातीला त्यावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागायची, ते कुणाला जमत नव्हतं. २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयानं ते सोपं केलं: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसा. त्यात तुमच्या वतीनं कुणी निर्णय घ्यायचा त्यांची नावं घाला. एक प्रत घरच्यांकडे, एक फॅमिली डॉक्टरकडे ठेवा. स्थानिक संस्थेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे प्रत देण्याचीही तरतूद आहे. प्रत्यक्ष वेळ आली तर रुग्णालयाची दोन वैद्यकीय मंडळं पाहूनच निर्णय होतो, त्यामुळे कुणी घाईनं काही उरकेल ही भीती नको. पण कागदापेक्षा ज्यांची नावं त्यात आहेत त्यांच्याशी झालेलं बोलणं महत्त्वाचं. बोलणं झालेलं नसेल तर आयसीयूच्या दारात भाऊ एक म्हणतो, बायको दुसरं, आणि कागद कपाटात राहतो.

मृत्युपत्राचं थोडक्यात. साध्या कागदावर चालतं, तुमची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात, नोंदणी ऐच्छिक पण केलेली बरी. बँकेतला नॉमिनी म्हणजे वारस नव्हे, तो रक्कम स्वीकारणारा, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा. यावरून भावाभावांत फार गैरसमज होतात. शेतजमीन असेल तर वडिलांच्या वारसनोंदीचा फेरफार झालाय का ते आधी बघा, आठ महिन्यांत पुष्कळांचा राहून गेलेला असतो. ही कामं रुक्ष वाटतील, पण रात्री दोन वाजता डोळा उघडतो तेव्हा मनाला धरायला ‘हे केलंय’ असं काहीतरी लागतं.

बायकोच्या ‘अभद्र बोलू नका’ला उत्तर म्हणून वाद घालू नका. बोललं की ओढवतं ही भीती आपल्या हाडीमासी आहे, आणि त्यांनी सासऱ्यांचं आजारपण तुमच्याइतकंच, कदाचित जास्त काढलंय. एक अभ्यास मात्र सांगण्यासारखा आहे. २०१० साली अमेरिकेत फुप्फुसाचा कर्करोग पसरलेल्या १५१ रुग्णांपैकी निम्म्यांना नेहमीच्या उपचारांसोबत सुरुवातीपासून पॅलिएटिव्ह केअर दिली, ज्यात पुढे काय हवं, काय नको हेही मोकळेपणानं बोललं जायचं. त्यांची मनःस्थिती जास्त बरी राहिली, शेवटी आक्रमक उपचार कमी झाले, आणि आयुर्मानाचा मध्यांक, म्हणजे निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो आकडा, ११.६ महिने निघाला. दुसऱ्या गटाचा ८.९. बोलल्यानं कुणाचं आयुष्य कमी झालं नाही. घरी विषय काढायचा तर मरणापासून सुरू करू नका. “बाबांच्या वेळी आपल्याला काय काय माहीत नव्हतं?” किंवा “बाबांना विचारायचं काय राहिलं?” इथून सुरू करा. त्यावर त्यांच्याकडे तुमच्यापेक्षा जास्त सांगण्यासारखं असेल.

वहीचा हा अभ्यास कुणी करू नये तेही सांगायला हवं. दुःख अगदी ताजं असताना नको. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, भूक गेली असेल, कशातच रस नसेल, आपण नसलेलंच बरं असं वाटत असेल, तर वही बाजूला ठेवा आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. तुमच्या पत्रात मला तसं दिसलं नाही. तरी ॲप काढून, झोपण्याआधी आयसीयूचे फोटो बघणं थांबवून तीन-चार आठवड्यांत धडधड कमी झाली नाही तर एकदा दाखवून या.

शिवाय वडिलांचं जाणं आणि तुमचं स्वतःचं मरण या दोन गोष्टी तुमच्या डोक्यात एकमेकींत मिसळल्या आहेत असं मला वाटतं. दुःखाला स्वतःचं वेगळं काम द्यावं. पांडवलेणीतलं तीन नंबरचं लेणं बघितलंय? तिथं गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे. मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी याच्या पश्चात, नातू पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षी तिनं भिक्षूंना ते लेणं दान दिलं आणि मुलाचं सगळं कर्तृत्व दगडात कोरून घेतलं. सातवाहनांचा इतिहास लिहिणारे आजही त्या लेखावर अवलंबून आहेत. आपल्याला लेणं नको, वडिलांच्या गोष्टी मोबाइलवर रेकॉर्ड करून मुलीला ऐकवल्या तरी चालेल. गावाकडची मोठी माणसं आहेत तोवर त्यांच्याकडून वडिलांचं लहानपण विचारून घ्या.

वही दरवर्षी एकदा उघडावी. मी सर्वपित्री अमावस्येचा दिवस सांगते. घरात गेलेल्यांची आठवण निघालेलीच असते, पानं वाढायची असतात, कुणी अभद्र म्हणत नाही. जुनी वाक्यं वाचायची, बदलली असतील तर खोडायची. नॉमिनी, पासवर्ड, विम्याचे कागद त्याच दिवशी बघून घ्यायचे. रोज मरण आठवायची गरज सामान्य संसारी माणसाला नाही, असं माझं मत आहे. श्वासागणिक मरणाचं स्मरण ठेवायला बुद्धांनी सांगितलं ते भिक्षूंना, आणि त्यासाठी लागणारी बैठक त्यांच्याकडे होती. इगतपुरीला विपश्यनेच्या शिबिरात दहा दिवस बसून आलात तर तुमचं मत वेगळं होईलही.

राहिला मुलीचा प्रश्न. नऊ वर्षांच्या मुलाला मरण सगळ्यांना येतं आणि मेलेलं माणूस परत येत नाही हे कळलेलं असतं. तिला माहिती नको होती, तुमच्याशी यावर बोलता येतं का ते ती बघत होती. ‘नाही’ हे उत्तर तिला पटलेलं नसणार. तुम्हीच विषय काढा, शक्यतो काहीतरी हातात काम असताना, म्हणजे भाजी निवडताना, सायकल पुसताना. “त्या दिवशी मी नाही म्हणालो, ते खरं नव्हतं. सगळी माणसं मरतात, मी पण मरणार. बहुतेक माणसं म्हातारी होऊन मरतात आणि मला तोपर्यंत तुझ्यासोबत राहायचंय, म्हणून मी बीपीची गोळी घेतो.” एवढंच बोला आणि थांबा. ‘आजोबा झोपले’, ‘देवाकडे फिरायला गेले’ असलं काही सांगू नका, मुलं मग झोपायला घाबरतात. ती पुढचा प्रश्न विचारेल, तो बहुधा अगदी व्यवहाराचा असेल: मग मला शाळेत कोण सोडणार, आई एकटी राहणार का. नेमक्या माणसाचं नाव घेऊन उत्तर द्या, काका सोडेल, मावशी येईल. आणि त्या काकाला, मावशीला तसं खरंच विचारून ठेवा. वर्षश्राद्धाला ती येते म्हणाली तर न्या, नाही म्हणाली तर आग्रह नको.